साफ फोटोवाला यादोराव

बाजारात गेली की कोणी ना कोणी विचारतेच. "आनंदाबाई, तुमच्या जवाईबापूनं एवढी चांगली नोकरी काहून सोडली वो? मशीनची नोकरी, पंख्याखाली बसायची!" मी म्हणते, तब्येत बरी नव्हती. साफ खोटं बोलते. त्याची तब्येत ठणठणीत होती. मेली ती माझी बहीण, रुखमा. ज्या दुखण्यानं ती मेली ते दुखणं त्याच्या मशीनवर आलं होतं आणि त्यानं ते आपल्या हातानं पुसलं. आता एकदाचं सांगूनच टाकते.

यादोराव सेलोकर माझ्या लहान बहिणीचा नवरा. मी त्याची आकडसासू. जवाई माणूस, तोंडावर मान द्यावा लागते, तो मी देते. पण मागं मी त्याले एकेरीच बोलणार. कोणाले वाईट वाटत असेल तर वाटू द्या.

गाव त्याचं मोहाडीजवळ. घरी चार एकर धानाची जमीन, तलावाच्या पाण्यावरची, पण याले चिखलात पाय घालायचा भारी कंटाळा. मॅट्रिकले दोनदा बसला, दोनदा आपटला, आणि मोहाडीच्या एका लाऊडस्पीकरवाल्याकडं कामाले लागला. लग्न, भागवत सप्ताह, इलेक्शन, आणि दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा. त्र्याहत्तर साली आंबागडच्या किल्ल्याखाली आमच्या गावची मंडई भरली होती. भरदुपारी दंडारीचं नाच-गाणं रंगात आलं आणि गाणाऱ्याचा एकेक शब्द तीन-तीनदा ऐकू येऊन राहिला. लोकायनं शिट्या मारल्या, पागोटी उडवली. कोणाले समजेना काय झालं ते. हा वीस-बावीस वर्षांचा पोरगा उठला, चिंचेवर चढला आणि भोंग्याचं तोंड तिरपं केलं. मंग खाली उतरून माईकच्या मागं धानाची रिकामी पोती टांगली. आवाज एकदम साफ! खाली आल्यावर सांगते कसा, भोंग्याचं तोंड तलावाच्या पाळीकडं होतं, आवाज पाळीवर आपटून परत येत होता आणि माईकात घुसून पुन्हा भोंग्यातून निघत होता. तेवढं ऐकून माझा बाप खूश. तिथंच विचारलं, पोरगा कोणाचा? पुढच्या उन्हाळ्यात रुखमाचं लग्न लागलं. भोंगा फिरवला म्हणून पोरगी दिली, असं आमची माय मरेपर्यंत म्हणायची.

मी तवा भंडाऱ्याले होती. नवरा लवकर गेला, मूल ना बाळ, म्हणून एका खाजगी दवाखान्यात आयाबाई लागली. चादरी बदलायच्या, बायायले टेबलावर चढवायचं, उतरवायचं, पुसायचं. चौऱ्याऐंशी साली आमच्या डॉक्टरनं सोनोग्राफीची मशीन घेतली. वायरी समजणारा, लाईट गेली तर जनरेटर चालवणारा एक माणूस पाहिजे होता. मीच पुढं होऊन म्हटलं, "माझा जवाई आहे साहेब, भोंगेवाला." म्हणजे नोकरी मीच लावून दिली. हेही लिहून ठेवा माझ्या नावावर.

ती मशीन म्हणजे एक लहानसा टीव्ही आणि त्याले वायरीनं बांधलेली एक मूठ. मूठ पोटावर टेकवायची. तिच्यातून आवाज आत जाते, आपल्याले ऐकू येत नाही असा बारीक, आतल्या अवयवांवर आपटते आणि परत येते. परत आलेल्या आवाजाचं टीव्हीवर चित्र उमटते. फोटो पाहून सांगणारे डॉक्टर नागपूरहून फक्त गुरुवारी यायचे. आमी त्यायले गुरुवारचे डॉक्टरच म्हणायचो. बाकीच्या दिवशी आमचे डॉक्टर फोटो काढायचे. दोन-चार महिन्यांत त्यायले कंटाळा आला आणि मूठ यादोरावच्या हातात गेली. तसं चालते का नाही ते मले माहीत नाही. तवा कोणी विचारतही नव्हतं.

पहिल्याच गुरुवारी डॉक्टरनं अर्धे फोटो टेबलावर आपटले. "हे काय आहे? पोट आहे की घाटाच्या पायऱ्या?" खरंच, फोटोत वरच्या बाजूले एकाखाली एक पांढऱ्या आडव्या रेघा होत्या. तवापासून आमच्या खोलीत त्या रेघांले पायऱ्याच नाव पडलं.

यादोराव दोन दिवस जेवला नाही बरोबर. तिसऱ्या दिवशी मले म्हणाला, "बाई, हे आपल्या गावच्या मंडईसारखंच आहे. मूठ आणि कातडी यांच्या मधात हवा राहिली, नाहीतर वरच्यावरच काही कडक लागलं, की आवाज आत जातच नाही पूरा. तिथल्या तिथं आपटत राहते, येते-जाते, येते-जाते. जितक्या खेपा तितक्या पायऱ्या. मशीनले वाटते, आत खरंच काही आहे. आत काहीच नसते."

आणि मंग तो मागंच लागला त्या पायऱ्यांच्या. पोटाले लावायचा तो चिकट मलम नागपूरहून यायचा, महिन्यात पंधरा दिवस नसायचाच. त्यानं घाण्यावरून जवसाचं तेल आणलं. ताज्या तेलात फेस असते, फेस म्हणजे हवा. तर ते तेल कढवायचं, दोन दिवस निवू द्यायचं, मंगच वापरायचं. ऑपरेशनच्या रबरी हातमोज्यात उकळून थंड केलेलं पाणी भरायचा, त्याचं तोंड बांधायचा, तो मोजा पोटावर ठेवून वरून मूठ टेकवायचा. म्हणजे खोट्या पायऱ्या मोज्यातल्या पाण्यातच राहून जायच्या आणि खालचं पोट साफ दिसायचं. पाणी उकळायचं काहून, तर कच्च्या पाण्यात बुडबुडे असतात. हे त्याले कोणी शिकवलं नव्हतं. त्याचा दिमाग तसा होता, ते मी नाकारत नाही.

खरी रेघ कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखायचीही त्याची एक पद्धत होती. मूठ जरा तिरपी करायची, जरा दाबायची, आणि थांबायचं. खोट्या पायऱ्या सारख्या अंतरावर असतात, धानाच्या रोवण्यात दोरी धरून रोपं लावावी तशा. हात हलला की त्याही हलतात, फिकट होतात. खरी असेल ती जागची हलत नाही. "जी हलली नाही ती आपली," असं म्हणायचा. मूठ धरली की त्याले घड्याळ दिसायचं नाही. एकेका बाईले अर्धा-अर्धा तास. मी म्हणायची, "जवाईबापू, बाहेर खोळंबल्या आहेत बाया." तो म्हणायचा, "खोळंबू द्या. घाईघाईनं पाहिलेलं पाहिलं नाही म्हणतात."

बस, वर्ष-दीड वर्षात नाव झालं. नागपूरच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, भंडाऱ्याले फोटो कोण काढते, इतके साफ? गुरुवारच्या डॉक्टरनं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. तुमसर, पवनी, साकोली, तिकडं गोसीखुर्दपासून माणसं यायला लागली. सारे म्हणायचे, साफ फोटोवाल्याकडं जा. पहिले इस्त्रीचा शर्ट आला, मंग घड्याळ आलं, आणि मंग डोक्यात हवा गेली. मी तिथंच होती, मी पाहिलं. पहिले तो खरं-खोटं शोधायचा. हळूहळू त्याले नुसतं साफ पाहिजे झालं.

मशीनले एक बटन होतं, चित्राचा वरचा भाग फिका-गडद करायचं. ते बटन डावीकडं फिरवलं की पायऱ्या गायब. मोजा नको, पाणी उकळणं नको, तिरपं करणं नको. पहिल्या वर्षी त्यानं मलेच सांगितलं होतं, "हे बटन लबाड आहे बाई. हे पायरीही पुसते आणि पायरीच्या मागचंही पुसते." शहाऐंशी साल उजाडता उजाडता दिवसाले पंचवीस-तीस बाया यायला लागल्या आणि त्याचा हात पहिले त्याच बटनावर जाऊन राहिला.

त्यात आमच्या लोकांचा बिबा. कुठं दुखलं की बिबा तापवायचा, दाभणाच्या टोकानं त्याचं तेल काढायचं आणि दुखऱ्या जागी टिपके द्यायचे. आतलं दुखणं बाहेर निघते म्हणतात. निघते कसलं, कातडी जळते, फोड येतात, खपल्या धरतात. बिबा उतला तर अंगभर खाज. डॉक्टरकडं येणारी बाई पहिले बिबा लावून पाहते, तो नाही लागला तरच बस धरते. म्हणजे सोनोग्राफीले आलेल्या दहातल्या सहा जणींच्या पोटावर खपल्या. खपलीखाली हवा, हवेच्या पायऱ्या, आणि फोटो खराब. यादोराव बिब्याच्या नावानं चवताळायचा. दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली, "बिबा लावून येऊ नये." बायायले टेबलावर झोपवून झापायचा. "आडाणी ते आडाणीच राहणार तुमी! फोटो खराब करता!" बाया बिचाऱ्या पोट झाकून घेत. दुखणं घेऊन आलेल्या माणसाले फोटोची काळजी कुठली?

रुखमा गावीच राहायची, सासूजवळ. दोन लेकरं, घरची शेती, आणि हा रविवारी येणार. सत्त्याऐंशी सालच्या रोवण्यात तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. श्रावणात मी तिच्या गावी गेली होती, तवा मले पहिल्यांदा म्हणाली, "बाई, इथं आत कोणी मूठ दाबून धरल्यासारखं होते वो. जेवण गेलं की जास्त." मी हसली. म्हटलं, "रोवणा संपत आला, आता कायले बहाणा?" लहानपणी निंदायले जायच्या दिवशी हमखास तिचं पोट दुखायचं, सारं घर तिले हसायचं. तीही हसली थोडी. सासू म्हणाली, वात आहे. बिबा लावला. एकदा लावला, दोनदा लावला, अकरा टिपके झाले.

शेवटी एका बुधवारी ती एकटीच एसटीनं भंडाऱ्याले आली. नवऱ्याले न सांगता. बाहेरच्या बाकावर इतर बायांत बसून राहिली, नंबर लावून. नाव पुकारलं तवा यादोरावनं वर पाहिलं. "तू? काहून आली?"

"दुखते म्हणून आली. बाकीच्या येतात तशी."

मी तिले टेबलावर झोपवलं, पदर बाजूले केला. अकरा टिपके, त्यातले दोन ताजे उतलेले, लाल. दारात तीन-चार बाया उभ्या, पडद्याच्या फटीतून पाहून राहिल्या. यादोरावचं तोंड असं झालं, जणू भर चौकात कोणी त्याच्या थोबाडीत मारली.

"दारावर पाटी कोणासाठी लावली मी?" तो ओरडला. "साऱ्या जिल्ह्याले सांगतो आणि घरची बायकोच बिबा लावून येते!"

"मले कुठं वाचता येते?" रुखमा म्हणाली. "आणि हौस म्हणून लावला का मी? दुखते म्हणून लावला."

बाहेरची एक बाई फिस्कन हसली. तिथंच बिघडलं सगळं. त्यानं तेल ओतलं, मूठ टेकवली. टीव्हीवर वरून खालपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या मधात एक जाडसर रेघ, वेडीवाकडी, बाकीच्यांशी न जुळणारी. मी तीन वर्षं त्या टीव्हीसमोर उभी होती, मलेही दिसली. त्याले तर दिसलीच. त्यानं मूठ तिरपी केली. पायऱ्या हलल्या. ती रेघ हलली का नाही, हे पाहायले जरा दाबून थांबावं लागते. त्यानं दाबलं तशी रुखमा कण्हली आणि त्याचं मनगट धरलं. "दाबू नका वो, जीव जाते."

"हात सोड. बाहेर नऊ बाया बसल्या आहेत. नखरे घरी कर."

तिनं हात सोडला. मोजा भरायचा म्हणजे पाणी उकळून थंड करण्यात तास गेला असता, आणि बायकोसाठी तास लावला असं लोक म्हणाले असते. माझ्याकडं पाहिलं त्यानं एकदा. मी म्हटलं, "आटपा जवाईबापू, उद्या गुरुवार आहे, डॉक्टर फोटो फेकतील." त्यानं बटन डावीकडं फिरवलं. पायऱ्या गेल्या. ती रेघही गेली. पित्ताची थैली काळी, गुळगुळीत, स्वच्छ दिसून राहिली. त्यानं फोटो काढला.

"काही नाही आत. बिब्याच्या पायऱ्या होत्या."

"पण दुखते ना वो," रुखमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुरुवारच्या डॉक्टरनं तो फोटो उचलला, पाहिला, ठेवला. "सुंदर. पित्ताशय एकदम स्वच्छ. वाताचं असेल. यादोराव, असे फोटो पाहिजेत." इतकंच. घरची बाई आहे हे त्यायले सांगितलंही नाही आमी.

तो फोटो यादोरावनं रविवारी घरी नेला. सासूनं आरशाच्या मागं खोचून ठेवला. मंग काय विचारता! रुखमा 'दुखते' म्हणाली की सासू आरशाकडं बोट दाखवायची. "फोटोत काही नाही." जेवण गेलं नाही, "फोटोत काही नाही." धान कापणीले बसून राहिली, "फोटोत काही नाही." लेकरंही म्हणायला लागली. बिबा लावत होती तवर निदान दुखते एवढं तरी लोक मानत होते. फोटो आला आणि तिची बोलायची सोयच गेली.

दिवाळीनंतर ती माझ्याकडं आली, दोन दिवस राहिली. भाकर अर्धी खायची. खांद्याची हाडं वर आली होती. पाटावर बसून भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, पुन्हा एकदा पाहायले सांग ना त्यायले." मी चिडली. देवाशपथ सांगते, चिडली. म्हटलं, "डॉक्टरनं पाहिलं, मशीननं पाहिलं, तू काय मशीनपेक्षा शहाणी आहे?" तिनं भांडी विसळायले घेतली. त्या दिवसापासून तिनं दुखते म्हणून सांगणंच सोडलं. आमाले वाटलं, बरी झाली.

संक्रांतीच्या आधी डोळे पिवळे झाले. काविळीची माळ घातली डोक्यात, ती माळ गळ्यापर्यंत उतरली, कावीळ काही उतरली नाही. अंगाले इतकी खाज की नखांनी रक्त काढायची. तवा यादोराव तिले घेऊन नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेला. मी संगं गेली.

तिथं मूठ धरणारी एक डॉक्टरबाई होती. तिनं घाई केली नाही. रुखमाले कुशीवर केलं, श्वास रोखायले लावला, पुन्हा उताणं केलं. बिब्याचे वण पाहिले आणि त्यावरून हात फिरवला. विचारलं, "इथंच दुखायचं का आधीपासून?"

"इथंच. श्रावणापासून," रुखमा म्हणाली. मंग हळूच विचारलं, "दिसते का वो बाई काही?"

"हो. दिसतंय."

काय सांगू तुमाले, रुखमाचा चेहरा फुलला. माझ्याकडं मान वळवून म्हणाली, "ऐकलं ना बाई? दिसते म्हणतात." वार्डात गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईले सांगितलं, फरशी पुसणारीले सांगितलं. "आत आहे म्हणतात माझ्या. दिसलं." जगते का मरते हे तिनं विचारलंच नाही. खोटी नाही ठरली, एवढ्यानं तिचं पोट भरलं. मले तिथून पळून जावंसं वाटलं.

बाहेर डॉक्टरबाईनं सांगितलं, पित्ताच्या थैलीत गाठ आहे, ती लिव्हरमध्ये शिरली आहे. काही उपाय नाही. आधीचा काही फोटो आहे का? यादोरावनं खिशातून काढून दिला. तिनं उजेडात धरला.

"फोटो छान काढलाय. पण हा वरचा भाग इतका काळा कसा? हिची गाठ थैलीच्या समोरच्या, म्हणजे वरच्या भिंतीलाच आहे. तिथूनच वाढत आलेली."

"मी केला काळा," यादोराव म्हणाला. "खोट्या रेघा येत होत्या. बटन फिरवलं."

डॉक्टरबाईनं फोटो परत दिला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "त्या वेळी कळलं असतं तर कदाचित ऑपरेशन करता आलं असतं. कदाचित. खात्रीनं नाही सांगता येत."

घरी आणल्यावर सासू रुखमाची समजूत घालायची, मशीनले तवा दिसलं नसेल माय, लहान असेल. एका दुपारी यादोराव खाटेजवळ बसला आणि म्हणाला, "मशीनले दिसलं होतं. मीच पुसलं." मी दारात होती. मले वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या, तुमी कुठं मुद्दाम केलं. बायका तसंच म्हणतात ना मरताना? ती तसं म्हणाली नाही. तिनं भिंतीकडं तोंड केलं. चार दिवस त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. पाचव्या दिवशी घेतलं, कारण तवा जवळ दुसरं कोणी नव्हतं. होळीच्या आठ दिवस आधी गेली. चौतीस वर्षांची होती.

तेरवी झाली आणि हा कामावर आला. मले वाटलं होतं, येणारच नाही. आला तो वेगळाच. बटनाले हात लावेना. मोजा भरायचा, तिरपं करायचा, दाबायचा, थांबायचा, आणि तरी एखादी पायरी राहिली तर राहू द्यायचा. एकेका बाईले विचारायचा, कुठं दुखते, कधीपासून, बिबा कुठं कुठं लावला, तिथंच मूठ टेकवायचा. दारावरची पाटी काढून टाकली. गुरुवारचे डॉक्टर भडकले. "काय झालं तुला? पुन्हा पायऱ्या? मी हे वाचू कसं?"

"वाचा साहेब, कसंही वाचा. खरी कोणती, खोटी कोणती, तुमी ठरवा. मी पुसणार नाही."

रांग रस्त्यापर्यंत जाऊन राहिली. आमच्या डॉक्टरनं दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा बोलावलं तवा त्यानं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाला. त्याच्या जागी तुमसरचा एक आला. तो बटन फिरवते, फोटो साफ येतात, गुरुवारचे डॉक्टर खूश आहेत.

किल्ली देऊन तो सरळ माझ्या खोलीवर आला. दुपारची वेळ होती. मी तर वाटच पाहत होती. दोन महिने गिळून ठेवलेलं सारं ओकली त्याच्या अंगावर. म्हटलं, "तुमच्या डोक्यात हवा गेली होती. फोटोसाठी माणूस मारला तुमी. माझी बहीण खाल्ली. चार बाया हसल्या म्हणून तिचं दुखणं पुसून टाकलं." जवाई वगैरे काही पाहिलं नाही मी. तो उंबऱ्याजवळ बसून ऐकत राहिला. एकही गोष्ट नाकारली नाही. माझा दम संपला तवा म्हणाला, "बाई, एक विचारू?"

"विचारा."

"श्रावणात तिनं पहिल्यांदा तुमाले सांगितलं, दुखते म्हणून. तवा मशीन नव्हती मधात, फोटो नव्हता. तुमाले खरं वाटलं होतं?"

हो म्हणायले किती वेळ लागला असता? कोण होतं तपासायले? पण मले माझंच हसणं ऐकू आलं, रोवणा संपत आला, आता कायले बहाणा.

"नाही," मी म्हटलं.

"मलेही नाही," तो म्हणाला. "टेबलावर झोपली तवाच मी ठरवून टाकलं होतं, काही निघत नाही हिचं. मंग जे निघालं ते पुसलं."